कोळंबीचा दात

पूर्णगडला जायचं असेल तर खुशाल जा, पण रिकामी पोती घेऊन जाऊ नका. मी गेले होते. चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर, दिवाळी नुकतीच उरकलेली, आणि माझ्या काखेत घडी घातलेली चार पोती. वय पंचवीस. दातांची डॉक्टरीण होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं याबद्दल मनात शंका नव्हती. आता ती मुलगी रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन.

कोल्हापुरात मी ज्या सरांच्या दवाखान्यात काम करत होते, त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की कोळंबीच्या सालांपासून एक पांढरी भुकटी निघते, आणि दात काढल्यावर हिरडीतून वाहणारं रक्त ती थांबवते. सरांनी आपली मोटार रस्त्यावर काढली आणि मोटारीच्या शेडमध्ये प्रयोगशाळा मांडली. पण सालं कुठून आणायची? कोल्हापुरात मटण म्हणाल तितकं मिळतं. कोळंबी त्या काळी आठवड्याला टोपलीभर यायची, तीही रुसून आल्यासारखी.

"रत्नागिरीकडं जा," सर म्हणाले. "तिथं ही सालं कचऱ्यात टाकतात. चार पोती भरून आण."

तिथं कचऱ्यात टाकतात हे सरांना कुणी सांगितलं, ते मला अजून माहीत नाही. सर रत्नागिरीला कधीच गेले नव्हते.

पूर्णगड, पहिला दिवस

आंबा घाटातल्या उलट्यांचं वर्णन वगळते. कोळंबी सोलतात ती पूर्णगडला, असं रत्नागिरीच्या स्टँडवर कळलं. तिथून पावसवरून एस.टी. जाते. पावसपर्यंत दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, मग लाल कातळ, आणि मग एकदम खाली खाडीचं तोंड. टेकडीवर किल्ला. "एवढासाच? आमच्या पन्हाळ्याच्या खिशात मावेल," असं मी मोठ्यानं म्हणाले. कंडक्टरनं तिकिटाची पेटी मिटली आणि विचारलं, "पन्हाळ्याला समुद्र हाय काय?" मी गप्प बसले. त्या प्रवासात मी गप्प बसले असे प्रसंग फार नाहीत. बसायला हवं होतं असे पुष्कळ आहेत.

किनाऱ्याजवळ झावळ्यांच्या मांडवाखाली पंधरावीस बायका गोल करून बसल्या होत्या. मधे कोळंबीचा ढीग. ही सोललेली कोळंबी उन्हात खडखडीत वाळवली की तिचे सोडे होतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ह्याच सोड्यांवर निभतं. हात इतके झरझर चालत होते की कोळंबी स्वतःच अंगरखा काढून बाजूला होतेय असं वाटावं. मी लगेच वही काढली. मी सगळीकडे वही घेऊन हिंडत असे आणि लोकांच्या चालीरीती टिपत असे. त्या दिवसाची नोंद अजून आहे: "इथल्या बायका बोटांना रंगीत चिंध्या बांधतात. बहुधा नजर लागू नये म्हणून."

वही मिटली आणि मी भाषण सुरू केलं. "नमस्कार. तुम्ही हा जो कचरा रोज फेकून देता, त्याचं मोल तुम्हाला ठाऊक नाही."

हात थांबले. पंधरावीस जणींचे, एकदम.

"कचरा कुणाला म्हंतंस गो?"

बोलणारी बाई साठीच्या आसपासची, काळीसावळी, पदराचं टोक दातात धरून बसलेली. तिचं नाव द्वारका, गाव तिला द्वारकामावशी म्हणे, आणि त्या गोलात कोण कुठे बसणार हे ती ठरवी. तिनं मला हाताला धरून मांडवामागे नेलं. तिथे माड होते. प्रत्येक माडाच्या बुंध्याशी आळं खणलेलं आणि त्यात कोळंबीची सालं पुरलेली.

"हे ह्यांचं जेवण. ज्या घरची कोळंबी त्या घरच्या माडाला साल. माज्या सासूच्या सासूपासनं असंच हाय. तू जेवणाला कचरा बोलतंस काय?"

आता कुणीही शहाणी माफी मागून परत फिरली असती. मी म्हणाले, "पण मावशी, परदेशात ह्याचा दातांसाठी उपयोग करतात."

मावशी थबकली. पदर तोंडावर तसाच. "म्हंजे ह्याचे दात होतात?"

इथे मी खरं सांगू शकले असते. खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण चार पोती रिकामी होती, सर वाट बघत होते, आणि बायकांचे कान आमच्याकडे लागले होते.

"होतात की," मी म्हणाले.

मग जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. आम्ही मांडवात परतेपर्यंत बातमी पुढे पोचली होती. शेवंती नावाची एक फटकळ सून होती, तिनं पहिला प्रश्न टाकला. "बाय, कोळंबी शिजली की लाल होते. मग गरम चा प्याला की हे दात लाल होतील?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी डॉक्टरीण. मला 'माहीत नाही' म्हणता येत नसे.

"थोडेसे," मी म्हणाले.

"आन रात्री पाण्यात ठेवले तर पळायचे नायत ना?" दुसरी म्हणाली, आणि मांडव हसून फुटला. द्वारकामावशी तेवढी हसली नाही. तिनं मला बाजूला ओढलं आणि पहिल्यांदाच पदर खाली घेतला. वरचा पुढचा एक दात नव्हता.

"माज्या पोरीच्या लग्नात गेला," ती म्हणाली. "विहीण मिऱ्या गावची. सत्तर वर्साची, पण बत्तीसच्या बत्तीस दात. भर मांडवात दातानं अख्खी सुपारी फोडलीन आन माज्याकडं बगून हसली. मग मी बी फोडली."

"सुपारी?"

"सुपारी नाय फुटली."

दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मावशी कुणासमोर हसली नव्हती. आता तीच पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. बाराव्या दिवशी बारसं, आणि बारशाला ती विहीण येणार.

"बारशाला माज्या तोंडात दात पायजे. तू कोळंबीचा दात आण, मी तुला साल देते. एकट्या माज्या घरची नाय, सगळ्या वाडीची."

ती मांडवात परतली आणि म्हणाली, "म्हयनाभर माडाला साल नाय घालायची. सगळी हिला द्यायची. माज्या शब्दावर."

कुणी हूं की चूं केलं नाही. त्या वाडीत मावशीचा शब्द म्हणजे काय हे मला त्या शांततेवरून कळायला हवं होतं. मी वहीत लिहिलं: "स्थानिक लोक सहकार्यशील."

पूर्णगड, दुसरा दिवस

मुक्काम मावशीकडेच. सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस. दुपारी तिरफळं घातलेलं कोळंबीचं कालवण. आमचा तांबडा रस्सा माणसाला घाम आणतो, हे कालवण माणसाला गप्प करतं. मात्र पाहुणीसाठी म्हणून मावशीनं काही मोठ्या कोळंब्या नुसत्या डोकी काढून, सालीसकट तव्यावर भाजल्या होत्या. आम्ही कोल्हापूरची माणसं नळी चोखून, हाडं चावून खाणारी. मी साल वेगळी करायची असते हे न कळून सगळं कडाकडा चावून गिळलं. पाच कोळंब्या.

शेवंती दाराशी उभी राहून बघत होती. ती ओरडत बाहेर गेली, "डागदरीण दातांचा माल खाते गो."

संध्याकाळपर्यंत सबंध वाडीत पसरलं की डॉक्टरीणबाईंचे दात एवढे चांगले आहेत ते ह्यामुळेच. दोन म्हाताऱ्यांनी त्या दिवशी सालीसकट कोळंबी खाऊन बघितली असं नंतर कळलं. एकीचा होता तोही दात हलायला लागला.

दुपारनंतर मावशीच्या जबड्याचं माप घ्यायचं होतं. जवळ त्याचं काहीच सामान नव्हतं, मी तर सालं न्यायला आले होते. मी म्हटलं, काहीतरी मऊ हवं, ज्यात दातांचा ठसा उमटेल. मावशीच्या पोरीनं, ती आपलं पोट सांभाळत चुलीपाशी बसली होती, विचारलं, "उकड चालंल?"

तर वाचकहो, मोदकाची जी तांदळाची उकड, ती मळून करवंटीत भरली आणि द्वारकामावशीला म्हटलं, चावा. मावशीनं डोळे मिटून चावा घेतला आणि सवयीनं गिळला.

दुसऱ्यांदा करवंटीत उकड भरली. ह्या वेळी पोरीनं आईचं नाक धरलं, म्हणजे गिळता येणार नाही. ठसा उमटला. त्यात मी मेणबत्ती वितळवून ओतली, आणि थंड झाल्यावर उकड सोलून काढली तर आत मेणाचा जबडा, मधे दाताची खिडकी. पुस्तकात असलं काही शिकवत नाहीत. मला माझं इतकं कौतुक वाटलं की उरलेली उकड मीच गूळ लावून खाल्ली.

मी मधूनमधून सोलणाऱ्या बायकांत जाऊन बसत होते. मलाही सोलायला द्या म्हटलं तर शेवंती म्हणाली, "पावण्यांनी नाय हात घालायचा." मला वाटलं, मान. मी तिचे हात बघत होते. म्हणजे हात किती भरभर चालतात ते बघत होते. ते हात बघितले असं म्हणता येणार नाही.

परतीचा दिवस, आणि कोल्हापूर

चार पोती भरली. मावशीनं प्रत्येक पोत्याचं तोंड शिवण्याआधी त्यात वरून दोन ओंजळी सोडे टाकले. मी म्हटलं, "मावशी, मला नुसती सालं हवीत."

"रिकामी सालं घेऊन पावणी जायची? माडाला चालतात. माणसाला नाय."

पोती टपावर चढली. तरी वास खाली यायचा. मलकापूरपर्यंत प्रत्येक प्रवासी शेजारच्याकडे संशयानं बघत होता, आणि मीही सगळ्यांत मोठ्या संशयानं एका सोज्वळ शिक्षकाकडे बघत राहिले. तो बिचारा आंबा गावापाशीच उतरून गेला. त्याचं गाव तिथे नसावं.

सोडे आईनं कांदा-लसणाच्या चटणीत परतले आणि पहिल्यांदाच कबूल केलं की समुद्राच्या बाजूलाही माणसं राहतात. सालं शेडमध्ये गेली. ती आधी आम्लात भिजवायची, म्हणजे त्यातला चुना सुटतो. मग कॉस्टिक सोड्यात उकळायची, म्हणजे चिकटलेलं मांस निघतं. मग पुन्हा अधिक कडक सोड्यात, तासन्‌तास. शेजाऱ्यांनी पहिले दोन दिवस नाकाला रुमाल लावला, तिसऱ्या दिवशी शेजारधर्म सोडला. चार पोत्यांतून अखेर जी भुकटी निघाली ती एका मोठ्या बरणीच्या तळाशी बसली.

सरांनी सुई घेतली, आपलं बोट टोचलं, चिमूटभर भुकटी लावली आणि घड्याळ बघितलं. मग माझं बोट. मग पुन्हा त्यांचं. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांची बोटं टोचत होतो. आई म्हणाली, "दवाखाना आहे की काय आहे तुमचा?" पण रक्त थांबत होतं. भुकटी न लावता जितका वेळ लागे त्याहून लवकर. रोग्यांवर वापरायला अजून फार वाट बघावी लागेल, असं सर म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा होता की जणू बाळ झालंय.

मग मी त्यांना दाताचं सांगितलं.

"ह्या भुकटीचा दात?" सर म्हणाले. "ह्याचा दात केला तर पहिल्या घासाला पोटात जाईल."

"मग आता?"

"आता तू जाऊन खरं सांग."

मी मेणाचा जबडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून वास घेतला. "ह्याला मोदकासारखा वास का येतो?"

मी नेहमीचाच, प्लॅस्टिकचा दात केला. गुलाबी पट्टी, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. अगदी हुबेहूब. तो डबीत ठेवते आहे तोवर पोस्टकार्ड आलं. अक्षर पोरीचं, शब्द मावशीचे: "नातू झाला. बारसं बुधवारी. दात आण."

पुन्हा पूर्णगड, बारसं

ह्या वेळी काखेत तीच रिकामी पोती, पिशवीत डबी, आणि एका कागदी पुडीत चिमूटभर भुकटी, सर म्हणाले म्हणून. खरं सांगायचं असं मी आंबा घाटात ठरवलं, साखरप्यात ठरवलं, पावसला ठरवलं.

दात कानशीनं घासून घासून बसवला. उकडीचं माप असूनही बसला, ह्यात माझं कसब नाही, उकडीचं आहे. मावशीनं आरसा घेतला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आणि हसली. दोन वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, पोटातून आलं, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगणं माझ्या घशाशी आलं होतं, ते मी गिळलं.

मग ती म्हणाली, "थांब." चुलीवरून चहा उतरवला. आलं घातलेला, वाफाळता. फुंकर न घालता तिनं तो दाताशी धरला, एक एक घोट खेळवत प्याली. आरसा घेतला. दाराशी उजेडात गेली. बराच वेळ बघत राहिली.

"पांढराच हाय."

मी रिकाम्या डबीचं झाकण लावलं.

"तू बोललीस थोडासा लाल होतो."

"मावशी, तो प्लॅस्टिकचा आहे."

तिनं आरसा पालथा ठेवला. "वाडीतल्या माडांना म्हयनाभर उपाशी ठेवलं मी. त्या बायका आता येतील. पयलं माजं तोंड बगतील, मग पोराचं. त्यांना काय सांगू, डागदरीण खोटं बोलली? ती तर तुज्या गावाला जायल. मी हितंच हाय."

"भुकटी खरी आहे मावशी, सालांची भुकटी..."

पण तेवढ्यात अंगणात मिऱ्याची विहीण आली. तिचं हसू तिच्या आधी घरात आलं. बत्तीस दात मी स्वतः मोजले, धंद्याची सवय. मागून वाडीतल्या बायका. शेवंती सगळ्यांत पुढे. मावशीनं पदर तोंडात धरला आणि पुन्हा पहिल्या दिवशीची द्वारकामावशी झाली.

"काय विहीणबाय," विहीण म्हणाली, "तोंड शिवून घेतलंत काय?"

मावशीनं नुसती मान हलवली. पाळणा सजला होता. बारशात बाळाला पाळण्यावरून-खालून देताना एकीनं 'कुणी गोविंद घ्या' म्हणायचं, दुसरीनं 'कुणी गोपाळ घ्या'. विहिणीनं बाळ पाळण्यावर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणी गोविंद घ्या."

आता मावशीची पाळी. मावशीच्या तोंडात पदर. बाळ हवेत. बायका मावशीच्या ओठांकडे बघतायत, मी जमिनीकडे.

मावशीनं हात वर केला, थांबा म्हणून. मग वळून तबकातला पाहुण्यांसाठी केलेला विडा उचलला. कात, चुना, सगळं भरपूर असलेला. पदराआड तो तोंडात घातला आणि चावायला लागली. सावकाश. इतक्या सावकाश की बाळ कंटाळून झोपलं. विहिणीचे हात भरून आले, पण बाळ खाली ठेवणार कशी? मावशी चावत होती, आणि माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते सांगत नाही. मला ते पुरलं.

मग तिनं पदर खाली घेतला आणि तोंड भरून म्हणाली, "कुणी गोपाळ घ्या."

दात लालभडक.

"झाला गो लाल," शेवंती किंचाळली. बाकीचेही सगळे दात लाल झाले होते, पण त्यांच्याकडे कोण बघतंय? बायका पाळणा सोडून मावशीभोवती गोळा झाल्या. कुणी बोट लावून बघितलं. कुणी म्हणालं, अगदी शिजलेल्या कोळंबीसारखा. बाळाचं नाव काय ठेवलं हे निम्म्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

विहीण अजून बाळ धरून उभी होती. तिनं मला डोळ्यानं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "माजा एक काडून तसला बसवता येईल काय?"

"आधी पडूंदे तुमचा," मावशी तिथूनच म्हणाली. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

निघायचा दिवस

सकाळी मांडवात पुन्हा गोल बसला. बायका आपणहून माझी पोती भरायला लागल्या होत्या, दात लाल झाला होता ना. मी पोत्यापाशी उभी, कुणाकडे बघावं ते न कळून. मावशी सकाळीच पुन्हा विडा चावून ढिगातून एकेक कोळंबी उचलत होती. एकदम तिनं हात झटकला. "स्स." कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तो बोटात गेला होता. रक्त आलं. तिनं कंबरेची एक रंगीत चिंधी काढली आणि न बघता, रोजची गोष्ट असल्यासारखी, बोटाला गुंडाळायला लागली.

मी गोलाकडे बघितलं. हिरवी चिंधी, लाल चिंधी, जुन्या लुगड्याचा काठ. शेवंतीच्या तर चार बोटांना.

मी पिशवीतून पुडी काढली, मावशीपुढे बसले आणि तिचं बोट हातात घेतलं. ती ओढून घेईल असं वाटलं. तिनं ओढलं नाही. चिमूटभर भुकटी दाबून धरली. आम्ही दोघी बोटाकडे बघत राहिलो. रक्त थांबलं. एवीतेवी थांबलंच असतं म्हणाल तर असेलही, एका बोटावरून मी काही सिद्ध करणार नाही.

"हे काय?" मावशीनं विचारलं.

"हेच. तुमच्या सालांचं. एवढंच होतं ह्याचं, मावशी. रक्त थांबतं."

मावशीनं बोट उलटंसुलटं केलं. मग स्वतःच्या दुसऱ्या हाताच्या चिंध्यांकडे बघितलं, मग गोलात बसलेल्या बायकांच्या हातांकडे. मग माझ्याजवळ वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, लाल दातानं म्हणाली,

"मग मेले, दात कशाला करत बसलंस?"